तिफणीचे सांधे

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर सुटे भाग मांडले आहेत. दिंड, तीन फण, दांडी, रुमणे, चाडे, नळ्या, पाचरी आणि दोर.]

हे भाग जोडून तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचे तीन फणांचे पेरणीचे अवजार, उभी करायची आणि ती काळ्या रानात चालवून पाहायची, हा या व्हिडिओ गेमचा विषय आहे. लातूर जिल्ह्यातली एक तरुणी तो एकटीने घडवते आहे. गावोगाव तिफणीची जागा आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने घेतली असली, तरी तिने तिफण निवडली ती केवळ जुन्या अवजाराच्या ओढीने नव्हे. सुटे भाग जोडण्याच्या खेळात सर्वांत अवघड असतो तो सांधा, आणि तिफणीचे सारे बळ सांध्यांतच असते.

हा गेम ‘गोडो’ या मोफत आणि खुल्या इंजिनावर, म्हणजे गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरवर, बनतो आहे. मूळच्या अर्जेंटिनातल्या या इंजिनाचा स्रोत (सोर्स कोड) २०१४ साली सर्वांसाठी खुला झाला. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटू लागली. त्याआधी जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसे. भागांची नावे मराठीतच दिसली पाहिजेत असा तिचा आग्रह आहे, म्हणून ही सोय तिला फार मोलाची वाटते.

आता सांध्याकडे वळू. असे इंजिन सहसा सेकंदाला ६० वेळा प्रत्येक भागाची जागा आणि गती नव्याने काढते. जोडलेले भाग एकमेकांना धरून राहावेत म्हणून ते एकेक सांधा तपासून जागेवर आणते. मात्र एक सांधा सावरताना शेजारचा किंचित हलतो, म्हणून तेच फेरे पुन्हा घालावे लागतात, आणि फेऱ्यांची संख्या ठरलेली असल्याने शेवटी थोडी चूक उरतेच. भागांची साखळी लांबली किंवा हलक्या भागावर जड भाग बसवला, की ही उरलेली चूक उघडी पडते आणि भक्कम लाकूड रबरासारखे लवू लागते. मेक्सिकोत घडलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या गाजलेल्या गेममधली उंच रॉकेटे अशीच डुलत, आणि खेळणारे त्यांना जागोजागी टेकू देत.

यावर रूढ उपाय असा, की जे भाग एकमेकांत पक्के बसले आहेत ते सगळे मिळून एकच वस्तू मानायची, तिचा गुरुत्वमध्य नव्याने काढायचा, आणि खरोखर फिरणारे तेवढेच सांधे मोकळे ठेवायचे. बैलगाडीचे चाक आखावर फिरते, तिथे हा उपाय चोख बसतो. तिफणीत तो अपुरा पडतो, कारण खरी तिफण तितकी पक्की नसतेच.

[दृश्य : दिंडाच्या, म्हणजे फण धरणाऱ्या आडव्या लाकडाच्या, भोकात बसवलेला फण आणि त्याच्या कडेने ठोकली जाणारी पाचर.]

उन्हाने लाकूड आकसले की पाचर सैल होते, म्हणून मृगाच्या तोंडावर ती पुन्हा ठोकावी लागते. किती ठोकायची, हे हाताला कळावे लागते. “लै ठोकू नको माय, दिंड उलंल,” असे गावातल्या वृद्ध सुतारांनी तिला सांगितले, आणि त्यांचे हे सांगणे गेमच्या रचनेत जसेच्या तसे उतरले आहे. पाचर कमी ठोकली तर फण डुगडुगतो आणि तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडे जाते. जास्त ठोकली तर दिंडाला चीर पडते. त्यासाठी तिने आधी इंजिनाचा खोटा सैलपणा पूर्ण काढून टाकला, मग प्रत्येक सांध्यावरचा ताण वेगळा मोजून लाकडाचा खरा सैलपणा त्यात घातला. ताण मर्यादेपलीकडे गेला, की एक मानलेली वस्तू त्याच जागी दुभंगते. आमच्या मते या गेमचे खरे कसब इथेच आहे.

दुसरी अडचण चाड्याची, म्हणजे बी सोडायच्या वाटीची, होती. ‘कर्बल’सारख्या गेममध्ये जुळणी झाडाप्रमाणे साठवली जाते, म्हणजे प्रत्येक भाग आपल्या एकाच आधाराला जोडलेला असतो. तिफणीत मात्र चाड्यातून निघालेल्या तीन नळ्या तीन फणांना भिडतात आणि ते फण पुन्हा एकाच दिंडात बसतात, त्यामुळे जुळणी फिरून स्वतःलाच येऊन मिळते. म्हणून तिने झाडाची रचना सोडून जाळ्याची रचना स्वीकारली.

चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे सारखे सोडते, तेव्हाच तिन्ही तासांत पीक सारखे उगवते. पडद्यावर ते काम खेळणाऱ्याच्या हाती दिले आहे. प्रत्येक दाण्याची हालचाल मोजणे साध्या संगणकाला झेपत नाही, म्हणून दाणा कुठे आणि केव्हा पडला एवढेच नोंदले जाते.

सध्या तिचे काम तुंबलेल्या नळीवर चालले आहे. ओल जास्त असली की चिकट काळी माती नळीच्या तोंडाशी बसते आणि दाणे आतच अडकतात. खेळणाऱ्याला हे लगेच कळावे की उगवणीनंतर, हे तिने अजून ठरवलेले नाही. नळी वरपर्यंत भरली की दाणे चाड्यात साचू लागतात आणि मूठ धरणाऱ्या बाईला ते दिसतात. गेममध्येही वेगळी सूचना न देता एवढेच दाखवणे पुरेसे व्हावे, असे आम्हाला वाटते.