आधी खांदे तापवा, मग वजन उचला

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की व्यायामशाळांत गर्दी वाढते. पोरं पहाटे येतात, स्वेटर काढतात, गार हातांना मागे दोन हिसके देतात आणि थेट बेंचवर आडवी होतात. हे पाहिलं की जीव कासावीस होतो. तरण्या वयात धरलेला खांदा पुढे शर्ट घालतानाही दुखत राहू शकतो.

खांद्याचा सांधा आहेच तसा नाजूक. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोल खोबणीत बसतो. दंडाचा गोळा मात्र उथळ वाटीवर टेकलेला असतो, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. तो गोळा जागेवर धरून ठेवण्यात चार लहान स्नायूंचा मोठा वाटा असतो. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. छातीचा मोठा स्नायू जोर लावायच्या आधी हे चौघे जागे झालेले हवेत.

आपल्या तालमींत हे जाणलेलं होतं. पैलवान आधी फावड्यानं हौद्यातली माती खणतो. खणता खणता घाम फुटतो. खांदे, पाठ, कंबर सगळं कामाला लागतं. कुस्ती त्यानंतर. माझ्या मते आजच्या कुठल्याही जिमला हा क्रम जसाच्या तसा घेण्याजोगा आहे.

घरी किंवा जिममध्ये असाल तर पाच मिनिटं झपझप चाला, अंगाला ऊब येऊ द्या. मग हात बाजूला पसरून आधी लहान, नंतर मोठी वर्तुळं काढा. पुढून दहा, मागून दहा.

आता भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा. तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा. कोपर ताठ ठेवून छाती हळूच भिंतीकडे सोडा. पाठीवरची फऱ्याची दोन्ही हाडं एकमेकांजवळ येतील. मग कोपर न वाकवता भिंत ढकला, ती हाडं लांब जातील. हालचाल जेमतेम दोन-तीन बोटांची, पण घाई करू नका. असं दहा वेळा झालं की भिंतीवरच आठ-दहा जोर काढा. खांद्यांत ऊब जाणवू लागेल.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार छातीवरून वर ढकलणं, करणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी. मोठा बार रिकामाच 20 किलोचा असतो. समजा, तुम्हाला आज बारसकट 60 किलो उचलायचे आहेत. मग रिकाम्या बारनं दहा वेळा, 40 किलोनं पाच, 50 किलोनं दोनदा, आणि मग 60. मध्ये मिनिटभर दम घ्या. नवशिक्यांना रिकामा बारही जड वाटत असेल, तर गुडघे टेकून काढलेले जोर पुरेत.

स्नायू ताणून मिनिट-मिनिटभर धरून ठेवणं व्यायामानंतर करा. आधी केलं तर ताकद काही वेळ उणावते.

हात वर नेताना खांद्यात टोचल्यासारखी कळ आली तर तिथंच थांबा. ती दाबून पुढे जाऊ नका. आणि छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, असं काही जाणवलं तर स्नायू आखडला असेल म्हणून चोळत बसू नका. वजन खाली ठेवा, शेजारच्याला हाक मारा आणि 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.