बॅग बाबांच्या खांद्यावर

(लक्ष्मीविलास पॅलेसचं आवार. सकाळ. दवानं भिजलेलं गवत.)

वडोदऱ्यात पोर किट घेऊन घराबाहेर पडलं की ते क्रिकेटलाच निघालं, असं आपण धरून चालतो. चूक नाही; मोतीबागेचं मैदान याच आवारात आहे. पण इथेच गोल्फचा कोर्सही आहे. १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी तो करवून घेतला. आज त्यावर दांडियाबाजारातून स्कूटरनं आलेले एक बाबा लेकीची बॅग घेऊन चालले आहेत.

"बाबा, उतार कुठे आहे?"

"तूच बघ बाई. मला काय कळतंय त्यातलं!"

गोल्फपटू अदिती अशोकच्या घरीही सुरुवातीला कुणाला काही कळत नव्हतं.

बंगळूरची ही मुलगी, जन्म १९९८ चा. साडेपाच वर्षांची असताना आईवडिलांबरोबर नाश्त्याला गेली. शेजारी ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे गोल्फच्या फटक्यांच्या सरावाची जागा होती. लोक काय मारताहेत बघू या, म्हणून तिघं तिकडे गेली, आणि गोल्फ त्या घरात शिरला तो असा. वडील शिकले ते लेकीबरोबरच.

पुढे तेच तिचे कॅडी झाले. कॅडी म्हणजे नुसतं ओझं वाहणारा माणूस नव्हे. फेरी चालू असताना खेळाडूनं सल्ला घ्यायचा तो फक्त कॅडीकडून, असा नियमच आहे. मोठा प्रशिक्षक दोरीपलीकडे उभा असला तरी त्यानं तोंड उघडायचं नाही. चार-पाच तासांच्या चालीत बोलायला माणूस एकच, आणि तो बाबा!

डिसेंबर २०१५. मोरोक्कोत युरोपच्या महिला टूरची (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची) पात्रता स्पर्धा अदितीनं जिंकली आणि १ जानेवारी २०१६ ला, सतराव्या वर्षी, ती व्यावसायिक झाली. ऐकायला झकास. पण या धंद्यात पगार नसतो. पहिल्या फेऱ्यांनंतर 'कट' लागतो, म्हणजे मागे पडलेल्यांची छाटणी होते. त्यात गळालात तर बहुतेक ठिकाणी बक्षिसाचा रुपयाही नाही. विमानाचं भाडं, हॉटेल मात्र झालेलंच असतं.

ऑगस्टमध्ये रिओ. ११२ वर्षांनी गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतला होता. बॅग वडिलांकडेच. पहिले दोन दिवस ६८, ६८ फटके; गोल्फमध्ये जितके कमी तितकं चांगलं. देश अचानक गोल्फ बघायला लागला, ज्यांना 'बर्डी' (होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेही. मग ७९, ७६. नंबर एकेचाळिसावा. टीव्ही बंद झाले.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती फार थोड्यांनी पाहिली. नोव्हेंबर, गुरुग्राम, महिलांची इंडियन ओपन. शेवटच्या होलवर बर्डी, एका फटक्यानं विजय. युरोपच्या महिला टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय. दोन आठवड्यांत दोह्यालाही जिंकली. वर्षाअखेर टूरची सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच. फटका काही फार लांब जात नव्हता. कमाई होती ती ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पटरनं (चेंडू घरंगळत नेणाऱ्या काठीनं).

पाच वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये बॅग आईनं उचलली. एका फटक्यानं पदक हुकलं. चौथी.

(पुन्हा वडोदरा.)

लेक ग्रीनवर उकिडवी बसून उतार बघतेय. बाबाही शेजारी बसले, गुडघे कुरकुरले.

"उजवीकडे वाटतोय."

"डावीकडे आहे, बाबा."

"बरं. मार मग."