पान्हा आधी खाली ठेवा

आवाज येतोय ना मागपर्यंत? बरं. विषयाचं नाव मी कळवलं होतं 'एअरब्रशच्या सात बिघाडांचं निदान', आणि ते सातही सांगणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट पोटातून बाहेर काढू द्या, नाहीतर पुढचं काही धड बोलता यायचं नाही मला.

माझं म्हणणं असं की आपल्या गन, म्हणजे हवेने बारीक रंग उडवणारे हे एअरब्रश, वापरून जेवढ्या खराब होत नाहीत तेवढ्या साफ करून होतात. हसा, पण घरी जाऊन आपापला डबा उघडून बघा. कुठेतरी पक्कडीचे ओरखडे सापडतील.

1879 साली अमेरिकेत आयोवामधल्या अॅबनर पीलर नावाच्या माणसाने हाताने रंग उडवायचं यंत्र केलं, तेव्हापासून हवेने रंग उडवायची मूळ कल्पना फारशी हललेली नाही. आजच्या गनमध्ये नॉझलच्या, म्हणजे पुढच्या बारीक तोंडाच्या, भोवतीने हवा सुटते, ती रंग ओढते, आणि किती ओढायचा ते सुई ठरवते. तुमच्या-माझ्या गनमध्ये नॉझलचं भोक 0.2, 0.3, फार तर 0.5 मिलीमीटर. म्हणजे सगळा तमाशा पुढच्या बोटभर जागेत. ट्रिगर, स्प्रिंग, हवेचा व्हॉल्व्ह, हे सगळं मागे राहतं आणि मधलं पॅकिंग, म्हणजे सुईभोवतीची गळती अडवणारी रिंग, चांगलं असेल तर तिथे रंगाचा थेंबही पोचत नाही. मग दर रविवारी ते उघडायचं कशाला? पण आपल्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की गन पूर्ण खोलून धुवा, आणि आपण आज्ञाधारक.

मीही होतोच. माझी पहिली चांगली गन, 0.3 ची, जपून जपून वापरलेली, म्हणजे मॉडेलपेक्षा गनच जास्त पुसायचो. एका रात्री साफ करताना नॉझल काढलं. ज्यांनी आटेवालं नॉझल बघितलंय त्यांना माहितीये, मुंगीने उचलून न्यावं एवढं ते, सोबत पत्र्याचा चिमुकला पान्हा येतो. तो पान्हा मला टेबलावर दिसेना. दुसऱ्या दिवशी तो माझ्याच चहाच्या कपाखाली निघाला हा भाग वेगळा. तर मी घेतली पक्कड. नॉझल बसवलं, फिरवलं, घट्ट झालं असं वाटलं, मग मनात आलं अजून थोडं, हवा लीक नको व्हायला. हे 'अजून थोडं' म्हणजे काय ते सांगतो. आवाजसुद्धा येत नाही हो! हाताला एकदम हलकं लागतं, लोण्यातून सुरी गेल्यासारखं, आणि पक्कडीत नॉझलचं टोक, आटे मात्र गनच्या आत तसेच.

मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. नंतर सुई घालून बघितली, टाचणी घालून बघितली, एका शहाण्याने सांगितलं म्हणून गोंदाचा थेंब लावायलाही निघालो होतो, नशीब लावला नाही. चौथ्या दिवशी एक बारीक चौकोनी कानस सापडली, तिची मागची निमुळती शेपटी त्या तुटक्या रिंगमध्ये हलकेच दाबली आणि उलटी फिरवली, श्वास रोखून. कडा रुतल्या, रिंग फिरली, बाहेर आली. ती रिंग अजून जपून ठेवलीय मी. बायको म्हणते फेकून दे, मी म्हणतो सर्टिफिकेट आहे ते.

आणि झालं काय होतं मुळात? काहीच नाही! सुईच्या टोकावर अॅक्रिलिक सुकलं होतं एवढंच. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाने टोक पुसलं असतं तर अर्ध्या मिनिटात काम होतं.

दुसरं दुखणं, अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवणारे. पुढे साठलेला गाळ सुटून पाघळत मागे व्हॉल्व्हमध्ये जातो, रबरी रिंगा फुगतात, सकाळी गन आधीपेक्षा घाण. टेफ्लॉनचं पॅकिंग थिनरला दाद देत नाही, रबर देतं. आणि ते काच पुसायचं निळं पाणी, त्यात अमोनिया असेल तर पटकन फिरवून धुऊन टाका, भिजत ठेवू नका, पितळ आणि वरचा मुलामा खातं ते.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. किती? सात मिनिटं? अरे देवा. बरं, निदान. भराभर घेतो, लिहून घ्या.

रंगाच्या वाटीत बुडबुडे आले तर हवा रंगाच्या वाटेत शिरतेय, म्हणजे पुढची टोपी सैल, नॉझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलंय. आधी टोपी बोटाने आवळा, नॉझल शेवटी. थुंकल्यासारखे ठिपके पडत असतील तर टोक सुकलंय, नाहीतर तुम्ही हवा आधी बंद करताय आणि रंग नंतर, थांबवताना ट्रिगर आधी पुढे, मग वर. फवारा एका बाजूला जातोय म्हणजे सुई वाकलीय, काचेवर टोक चपटं टेकवून बोटाखाली फिरवत सरळ करा, मग 2000 नंबरच्या पॉलिश कागदाने हलकंसं पॉलिश. ट्रिगर न ओढताच रंग येत असेल तर सुई पुढे टेकलेली नाही, मागचा नट सैल करून ती टेकेल इतकीच सरकवा, ढकलू नका, ढकललीत तर नॉझलचं तोंड फाकतं. ट्रिगरपाशी रंग दिसला तर पॅकिंगचा स्क्रू पाव फेरा, सुई किंचित अडत सरकेल एवढाच. आणि रंग आत असताना सुई मागे ओढू नका हो, तो रंग पॅकिंगमधून मागे जातो, आधी थिनर उडवून स्वच्छ करा. मास्क लावून. किती झाले, पाच? उरलेले दोन चहाच्या वेळी.

तुमचं काय? बुडबुडे येतात? आणलीय गन? द्या इकडे. वाटीत पाणी घाला कोणीतरी. हं, दाबा... येतायत. ही टोपी बघा, बोटानेच फिरतेय. परत दाबा. गेले ना? थांबा थांबा, तो पान्हा कशाला काढताय पिशवीतून?