प्रयोग झाला, जर्नल कुठे आहे?

अध्यक्ष महाशय आणि रसिकहो,

‘विद्यापीठात नाटक शिकवावे काय?’ हा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापला आहे आणि त्याचे उत्तर देण्याचे मी कबूलही केले आहे. परंतु त्याआधी एका शब्दाविषयी थोडे बोलू द्यावे. तो शब्द म्हणजे ‘प्रयोग’. रसायनशाळेत विद्यार्थी करतो तो प्रयोग आणि रविवारी दुपारी शिवाजी मंदिर नाट्यगृहात होतो तोही प्रयोगच. त्यातल्या मोजक्यांनाच आपण ‘प्रायोगिक’ म्हणतो आणि उरलेल्यांच्या जाहिरातीत ‘पाचशेवा प्रयोग’ असे ठळक छापतो. एकच प्रयोग पाचशे वेळा करून पेढे वाटणारा रसायनशास्त्रज्ञ निदान माझ्या पाहण्यात नाही. मात्र रसायनशाळेतल्या त्या विद्यार्थ्याजवळ एक जर्नल असते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, खाली शिक्षकांची सही. आमच्याकडे पडदा पडला की उरतात त्या फक्त आठवणी, आणि नाटकवाल्यांच्या आठवणींवर किती विसंबावे हे तुम्ही सर्वजण जाणता.

ही गोष्ट मला फार महागात पडली आहे. महाविद्यालयात असताना आम्ही एका स्पर्धेसाठी एकांकिका बसवली होती. तालमी वर्गातच, बाक भिंतीला सरकवून, संध्याकाळी सहा ते साडेनऊ, कारण शिपाईमामांना कुलूप लावायचे असे आणि आमच्यातल्या एकाला कर्जत गाडी पकडायची असे. एकांकिकेच्या शेवटी मुलाशी भांडलेला बाप घर सोडून जातो, दार आपटतो आणि अंधार होतो. वर्गात दार म्हणजे फरशीवर खडूने ओढलेल्या दोन रेघा होत्या, आणि दोन महिने आमचा बाप त्या रेघांमधून अत्यंत करुण रीतीने निघून जात होता.

नेपथ्य माझ्याकडे होते. प्रयोगाच्या दिवशी सेट लावायला पंधरा मिनिटे मिळाली आणि त्या घाईत मी दाराची चौकट मागची पुढे करून उभी केली. विंगेकडे उघडणारे दार त्यामुळे आता रंगमंचाकडे उघडत होते आणि त्याची मूठ विंगेच्या बाजूला गेली होती. बापाने दार ढकलले. पुन्हा ढकलले. तिसऱ्या वेळी रंगवलेली भिंतच हलली. मागे टेकूला धरून मी उभा होतो, माझे काय झाले असेल त्याची कल्पना करा. मग बापाने हात खाली घेतला, दाराकडे पाहत काही वेळ उभा राहिला आणि परत येऊन मुलाशेजारच्या खुर्चीत बसला. प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला दार आपटल्याचा आवाज हाच क्यू दिलेला असल्यामुळे अंधार होईना. संवाद संपलेले होते. शेवटी मुलाने टेबलावरचा पाण्याचा पेला बापापुढे सरकवला, आणि प्रकाशवाल्याचा धीर सुटून त्याने दिवे हळूहळू मालवले. परीक्षकांनी शेवटाची तोंडभरून स्तुती केली. घर सोडू न शकणारा बाप आम्ही किती संयमाने दाखवला, असे ते म्हणाले. आम्ही नम्रपणे माना खाली घातल्या.

अंतिम फेरीसाठी तोच शेवट कायम करायचे ठरले आणि तो काही केल्या जमेना. बाप किती वेळ उभा होता? पेला बसण्याआधी सरकला की नंतर? आठ जणांच्या आठ आठवणी निघाल्या, आणि प्रत्येकाच्या आठवणीत त्याचे स्वतःचे काम जास्त होते. अंतिम फेरीत प्रेक्षक भिंत हलताच हसले. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवल्याचे मला दिसते आहे. तेव्हा मूळ विषयाकडे वळतो. नेहमीचा आक्षेप असा असतो की, १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करताना विष्णुदास भाव्यांजवळ कोणती पदवी होती? पदवी नव्हती, परंतु सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. तालमीची खोली तासाच्या भाड्याने घ्यावी लागणाऱ्या या मुंबईत तो आश्रय आज विद्यापीठच देऊ शकते. ब्रिस्टल विद्यापीठाने १९४७ मध्ये नाट्यविभाग काढला, दिल्लीत १९५९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय आले, पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे आणि आपल्या मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातही नाट्यशिक्षण चालते. शिकवावे की नाही हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. परीक्षा कशाची घ्यावी, हा प्रश्न मात्र उरतो.

आपण परीक्षा घेतो ती बहुधा अभिनयाची आणि इतिहासाच्या पाठांतराची. भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ म्हटले की विद्यार्थी थेट रससूत्रावर, म्हणजे रस कसा निर्माण होतो ते सांगणाऱ्या सूत्रावर, उडी मारतात. पण रस येतो सहाव्या अध्यायात, आणि दुसरा अध्याय सगळा नाट्यमंडपाचा आहे. ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद मंडप मर्त्यांसाठी योग्य, त्याहून मोठा बांधला तर शब्द नीट ऐकू येणार नाहीत, हे भरतमुनींनी अभिनयाआधी सांगून ठेवले आहे. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाटकांनाही सभागृहाच्या लहान आकारानेच निराळे वळण दिले. जागा, दार, पेला यांच्यामुळे नाटक बदलते, आणि ते कसे बदलले हे लिहून काढणे हाच विद्यापीठातल्या नाट्यनिर्मितीचा अभ्यास होय.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, नट होऊ इच्छिणाऱ्यासह प्रत्येकाने एक सत्र विंगेत काढावे, तालमीची वही रोज लिहावी आणि त्या वहीला प्रयोगाइतकेच गुण असावेत. परीक्षकांना त्या वह्या वाचाव्या लागतील, ही तक्रार मी आजवर पुष्कळ ऐकली आहे. वाचाव्यात.

पुढचा कार्यक्रम भजनाचा आहे आणि मंडळी मृदंग घेऊन दाराशी थांबली आहेत, म्हणून वहीच्या पानाचा नमुना मी वाचून दाखवीत नाही; प्रती बाहेर ठेवल्या आहेत. साहित्य, कृती, निरीक्षण यांना भरपूर जागा आहे. अनुमानाला मात्र दोनच ओळी सोडल्या आहेत, कारण आमचे विद्यार्थी लिहायला सुरुवातच तिथून करतात.