ती काय गात होती?

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

वर्ड्‌स्वर्थची ‘द सॉलिटरी रीपर’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल, आणि ‘गाण्याला भाषेचे बंधन नसते’ असे एका ओळीचे उत्तर परीक्षेत लिहून तिचा निरोपही घेतला असेल. आमच्या वाचनगटात यंदा ती पुन्हा वाचताना मला ते उत्तर कवितेच्या विरोधात जाणारे वाटू लागले, आणि आज मला तेवढेच मांडायचे आहे.

कविता आठ-आठ ओळींच्या चार कडव्यांची आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एक मुलगी शेतात एकटीच पीक कापते आहे, पेंढ्या बांधते आहे आणि गाते आहे. अरबस्तानच्या वाळवंटातील नाइटिंगेल आणि हेब्रिडीज बेटांवरील कोकीळ या दोघांपेक्षाही तिचा आवाज कवीला सरस वाटतो. इथपर्यंत शाळेतले उत्तर चालून जाते. पण तिसऱ्या कडव्याच्या आरंभीच कवी विचारतो, ती काय गाते आहे हे मला कोणीच सांगणार नाही का? गाणे गेलिक या तिथल्या डोंगराळ भागातील भाषेतले आहे आणि त्याला ती भाषा येत नाही. मग तो अंदाज बांधतो: जुनी, दूरची दुःखे असतील, कधीच्या लढाया असतील, किंवा घरगुती, आजचीच एखादी व्यथा असेल, जी पूर्वी होऊन गेली आणि पुन्हाही होऊ शकेल. भाषेचे बंधन नसते, तर हा प्रश्न कशासाठी?

प्रत्येक कडव्याची चौथी ओळ इतरांपेक्षा आखूड आहे. कविता मोठ्याने वाचताना तिथे पाऊल क्षणभर अडते, आणि पहिल्या कडव्यात नेमक्या त्याच जागी ‘थांब, नाहीतर हळूच पुढे जा’ अशा अर्थाचे शब्द येतात. (हे आम्हाला शाळेत कोणी वाचून दाखवले असते तर!) पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात मुलगी वर्तमानकाळात गाते आहे, चौथ्यात कवी ‘विषय काहीही असो’ म्हणून प्रश्न सोडून देतो आणि भूतकाळात शिरतो. मला ही सुटका जरा घाईची वाटते.

गंमत अशी की कवीने हे गाणे स्वतः ऐकले असे म्हणता येत नाही. 1803 मध्ये तो बहीण डोरोथीसह स्कॉटलंडमध्ये हिंडला होता, आणि एकाकी भागांत एकच माणूस कापणी करताना दिसणे तिथे नवलाचे नाही, असे डोरोथीने आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. परंतु कविता 1805 च्या नोव्हेंबरमध्ये सुचली ती टॉमस विल्किन्सन या शेतकरी मित्राच्या हस्तलिखितातील एका वाक्यावरून. विळ्यावर वाकून गेलिकमध्ये गाणाऱ्या एकट्या बाईचा उल्लेख त्यात आहे, आणि ते सूर ऐकू येईनासे झाल्यावरही बराच वेळ गोड वाटत राहिले, असेही. 1807 मध्ये कविता छापताना कवीने हे ऋण टिपेत मान्य केले आणि शेवटची ओळ जशीच्या तशी तिथून घेतल्याचे सांगितले. विल्किन्सनचे पुस्तक मात्र 1824 मध्ये निघाले. म्हणजे प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर देऊ शकणारी बाई कित्येक मैल दूर होती.

त्याच प्रवासातून आलेल्या दुसऱ्या एका कवितेत, लॉख लोमंड या सरोवराजवळ भेटलेल्या मुलीबद्दल लिहिताना, कवीने उलट बाजू पाहिली आहे. तिच्या मनातले विचार तिच्या मोजक्या इंग्रजी शब्दांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, असे तो तिथे म्हणतो. दोन्ही कविता शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला सुचवावेसे वाटते. एकीत न समजणारा तो आहे, दुसरीत शब्द अपुरे पडणारी ती.

आपल्याकडे कापणीला भलरी होती, जात्यावर ओवी होती. हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट नोंदवल्या. कवीने जो प्रश्न सोडून दिला तो इथे कोणीतरी बाईजवळ बसून विचारला. त्या ओव्यांत भाऊ येतो, माहेर येते, पंढरी येते, सासरचा जाच येतो. कवीचा दुसरा अंदाज, आजच्या घरगुती व्यथेचा, त्यांना अधिक लागू पडतो.

गटातील एका बाईंच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या. आमची चर्चा ऐकून त्यांनी डोळे मिटून एक ओवी म्हटली. इथे परदेशातच जन्मलेल्या नातीने अर्थ विचारला. आजींनी ‘माहेर’ या शब्दाशी बराच वेळ झटापट केली, शेवटी ‘मदर्स हाउस’ एवढेच म्हणाल्या, मान हलवली, आणि ती ओवी पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या.