आपला देव फक्त मोठ्यांशीच बोलतो का?

नमस्कार मंडळी.

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला विषय दिला होता 'उन्हाळ्याची सुट्टी आणि आपली मुलं'. त्यांच्या मनात बहुधा मराठी शाळेचा सुट्टीतला अभ्यास असावा. पण माझ्या डोक्यात या उन्हाळ्यापासून एकच वाक्य घोळतंय. ते बाजूला ठेवून दुसरं काही बोलणं मला जमणार नाही, म्हणून त्याबद्दलच बोलते.

आमच्या घराजवळच्या चर्चचा मुलांसाठी उन्हाळी डे कॅम्प असतो. व्हेकेशन बायबल स्कूल, आपण सगळे त्याला व्हीबीएस म्हणतो. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतली मुलं कुठल्या ना कुठल्या व्हीबीएसला जाऊन आलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. का जातात तेही ठाऊक आहे. शाळा अडीच महिने बंद, आपण दोघंही नोकरीवर, खासगी डे कॅम्पच्या एकेका आठवड्याला शेकडो डॉलर, आणि चर्चचा कॅम्प फुकट किंवा नाममात्र पैशांत. शेजारीण सांगते, आपण नाव नोंदवतो, सकाळी सोडतो, दुपारी आणतो. मी मुलीला पाठवायचं ठरवलं तेव्हा स्वतःही स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. मूल जिथे जातं तिथे आत काय चालतं हे मला बघायचं होतं आणि त्यांच्या कामाला हातभारही लावायचा होता.

कॅम्प चालू असताना एका दुपारी गाडीत माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, आपला देव फक्त मोठ्यांशीच बोलतो का?"

मी विचारलं, असं का वाटलं तुला? ती म्हणाली, "इथे गोष्ट सांगणारे आजोबा खाली जमिनीवर बसतात आणि म्हणतात, देव तुझ्याशी बोलतोय. मंडळात गुरुजी माइकवर बोलतात, तेव्हा आम्हाला मागच्या खोलीत पाठवतात."

यात तक्रार नव्हती. तिने जे पाहिलं ते सांगितलं.

आता मी तिथे काय पाहिलं ते सांगते. माझी मुख्य ड्यूटी खाऊच्या खोलीत होती आणि हात रिकामा झाला की हस्तकलेच्या टेबलावर. स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता लावलेला. प्रत्येक गटाच्या रंगाखाली मुलांची नावं आणि पुढे ॲलर्जी: शेंगदाणा, दूध, अंडं, खाण्यातला लाल रंग. वाटीत काहीही पडण्याआधी तो तक्ता दोघींनी वेगवेगळा वाचायचा, असा नियम. एका मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीही राहायचा नाही, दुसरा मोठा माणूस हवाच, हाही नियम. कामाला हात लावण्याआधी माझी पार्श्वभूमी तपासणी झाली आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही. न्यायला आलेल्या माणसाकडे कोड नसेल, तर तो वडील आहे हे सगळ्यांना माहीत असूनही मूल सोडत नाहीत. अशाने रांग लांबते, पालक कुरकुरतात, पण टेबलामागची बाई हसतमुखाने पुन्हा कोडच मागते.

आणि नावं! प्रत्येक मुलाच्या गळ्यात नावाची पट्टी असते हे खरं, पण दुसऱ्या दिवसापासून ती वाचावी लागत नव्हती. पहिल्या दिवशी दाराशी रडणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी तिघंजण नावाने हाक मारत होते. आपल्या मुलांची नावं त्यांच्या जिभेला सोपी नाहीत. तरी एका निवृत्त शिक्षिकेने माझ्याकडून प्रत्येक नाव चार वेळा म्हणवून घेतलं आणि कागदावर आपल्या पद्धतीने लिहून ठेवलं. त्याच बाईंनी हिवाळ्यापासून पुठ्ठ्याच्या नळ्या जमवून ठेवल्या होत्या. पाच दिवसांच्या कॅम्पची तयारी जानेवारीत सुरू होते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त मी पाहत राहिले ती तिथली हायस्कूलमधली मुलं. पाच-सहा लहानग्यांचा एक गट आणि त्याची जबाबदारी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलीवर. मोठी माणसं नजर ठेवून असतात, पण गट त्यांचा. कोण उन्हात टोपी काढतोय, कोणाची बाटली मैदानावर राहिली, कोण गाण्याच्या वेळी मागे उभं राहून हातवारे करत नाही, हे सगळं ती मुलं बघतात. त्यांतली बरीचशी काही वर्षांपूर्वी याच कॅम्पात लहान गटात होती. आपल्याकडे याच वयाची मुलं गणेशोत्सवाला येतात, खुर्च्या लावतात, खुर्च्या उचलतात आणि मधल्या वेळात पार्किंगमध्ये उभी राहतात. आपण त्यांच्यावर खुर्च्या सोपवतो, माणसं सोपवत नाही. कार्यकारिणीवर असलेल्या सगळ्यांना, मी स्वतः तीन वर्षं तिथे होते म्हणून हक्काने सांगते: आपल्या नोंदणी अर्जात जेवणाच्या ताटांचा रकाना आहे, मुलांच्या ॲलर्जीचा नाही. मुलांची खोली आहे, पण त्या खोलीत मुलांसोबत कोण बसणार याचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत कधीच नसतो. तिथे एक सिनेमा लावलेला असतो.

या कॅम्पांचा उगम मला फार जवळचा वाटतो. 1898 मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट साइडला हॉज नावाच्या एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी अशी शाळा काढली. वस्ती परदेशातून आलेल्यांची, आईबाप दिवसभर कामावर. जागा मिळेना, म्हणून त्यांनी बिअरचा हॉल भाड्याने घेतला. गाणी, गोष्टी, हस्तकला, खेळ. पुढे बोव्हिल नावाच्या पाद्र्यांनी 1901 पासून त्याचा प्रसार केला आणि आज तो या देशाच्या उन्हाळ्याचा भाग आहे. स्थलांतरितांची मुलं आणि कामावर गेलेले आईबाप: म्हणजे या व्यवस्थेचा जन्मच आपल्यासारख्यांच्या घरांसाठी झाला. पण हेही त्याच दमात सांगायला हवं की त्या बाईंना मुलं रस्त्यावरून आत आणायची होती आणि येशूकडेही न्यायची होती. हा हेतू तेव्हाही लपवलेला नव्हता, आजही नाही. बायबल हा शब्द कॅम्पच्या नावातच आहे.

इथे आमच्या घरातला वाद येतो. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. मी कॅम्पला जाते याचं त्यांना काही नव्हतं, उलट पहाटे उठून त्यांनी माझा डबा भरून दिला. पण लेकीचं ते वाक्य ऐकून त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "बोट धरणारा माणूस चांगला आहे, ते मला दिसतंय गं. पण तो कुठे नेतोय ते बघायला नको?" माझा नवरा म्हणाला, "आई, पाच दिवसांत कोणी काही होत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग पाच दिवसांत तिला हा प्रश्न कसा पडला?" नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

सासूबाईंचा प्रश्न जुनाट म्हणून मोडीत काढणाऱ्यांपैकी मी नाही. तो खरोखर जुना आहे, आणि आपल्या सगळ्यांत शहाण्या माणसांनाही तो सुटलेला नाही. पंडिता रमाबाई 1886 मध्ये याच देशात आल्या, डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. इथल्या बायका पगाराशिवाय, घर सांभाळून, केवढ्या संस्था चालवतात हे पाहून त्या भारावल्या आणि त्यांनी ते मराठीत सविस्तर लिहिलं. परत जाऊन 1889 मध्ये शारदा सदन काढलं. तिथे विधवा मुलींवर धर्माची सक्ती नव्हती. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई आपल्या खोलीत आपली प्रार्थना करायच्या, फक्त खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आत येऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ झाला आणि 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले. ही माणसं काही कर्मठ नव्हती. रमाबाईंना त्यांनी आधी साथच दिली होती.

ते उघडं दार मी या कॅम्पात रोज पाहिलं. सक्ती कुणी करत नाही. माझ्या लेकीने प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत तर कोणी तिला टोकत नाही. पण दार उघडं असतं, आत गाणं चालू असतं, आणि गाणारी माणसं तिला नावाने ओळखतात.

याच्या उलट बाजूचीही आपल्याच घरातली गोष्ट आहे. गोपाळराव जोशींनी पत्नी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं, तेव्हा उत्तर आलं की आधी ख्रिस्ती व्हा. तोच पत्रव्यवहार एका नियतकालिकात वाचून न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि कसलीही अट घातली नाही. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. त्या कार्पेंटरांच्या घरी राहिल्या, त्यांना मावशी म्हणाल्या, 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि आपला शब्द पाळून परतल्या. त्यांच्या अस्थी आजही न्यू यॉर्क राज्यात पोकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. म्हणजे ख्रिस्ती घर दोन्ही प्रकारचं असू शकतं. आणि 'ते लोक' म्हणताना आपण हेही विसरू नये की वसई, नगर आणि केडगावला पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना करणारी माणसं आहेत. ती आपलीच आहेत. त्यांच्यापैकी किती जण आपल्या मंडळात येतात, आणि येत नसतील तर का येत नाहीत, हे एकदा कुणी तरी बसून विचारायला हवं.

ज्यांना पुढच्या वर्षी मुलांना पाठवायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, की दारात सोडून निघून जाऊ नका. चर्चमध्ये जाऊन विचारा की या वर्षी कोणता अभ्यासक्रम आहे. तो बहुधा प्रकाशकांकडून तयार घेतलेला असतो आणि मागितला तर दाखवतात. पाच दिवसांचा आराखडा बघा. काही चर्चमध्ये आठवड्याच्या शेवटाकडे मुलांना येशूचा स्वीकार करण्याचं आवाहन करतात, काहींत तसं काही नसतं. तुमच्याकडे काय होतं, हे आधी माहीत असू द्या आणि घरी मुलाशी त्यावर बोला. स्वतः मदत करणार असाल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. मी समन्वयक बाईंना सांगितलं होतं की मी हिंदू आहे, खाऊ, हस्तकला, नोंदणी काहीही करीन, पण गोष्ट सांगणार नाही आणि प्रार्थना घेणार नाही. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. काही ठिकाणी शिकवणाऱ्यांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात. तो त्यांचा अधिकार आहे. मनात नसताना सही करू नका. त्यांच्या श्रद्धेचा मान राखायचा तर तिचं सोंग आणून चालणार नाही.

आणि एवढं सगळं तिथे करणार असू, तर इथेही करूया. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला गाडीत देऊ शकले नाही आणि घरी एकटी बसूनही देऊ शकणार नाही, कारण तिने विचारलं ते मंडळाबद्दल. पुढच्या गणेशोत्सवात पूजेच्या वेळी मुलं पुढे बसावीत. गुरुजींना मी विचारलं आहे, ते मधे थांबून मुलांसाठी दोन वाक्यं साध्या मराठीत आणि दोन इंग्रजीत सांगायला आनंदाने तयार आहेत. त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मुलांच्या गटांसाठी हायस्कूलमधली दहा मुलं हवी आहेत. त्यांना खुर्च्यांचं काम मिळणार नाही. ॲलर्जीचा तक्ता मी करते. आणि दोन मोठी माणसं कायम त्या खोलीत हवीत, आरतीच्या वेळीसुद्धा, जेवणाच्या वेळीसुद्धा. तिथल्या आजीआजोबांनी आपल्या मुलांसाठी आपली सकाळ दिली. आपल्याकडे व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले कितीतरी आजीआजोबा घरात बसून आहेत. त्यांना गोष्टी येतात. त्यांना फक्त न्यायला-आणायला गाडी हवी.

कॅम्पच्या समन्वयक बाईंचा परवा निरोप आला. पुढच्या उन्हाळ्यात मी खाऊच्या खोलीऐवजी गोष्टीच्या खोलीत यावं, असं त्या म्हणतात. गोष्ट सांगायला नाही, लहान मुलांच्या शेजारी बसायला. तिथे माणसं कमी पडतात आणि मुलं मला ओळखतात. मी बसले तर माझ्या लेकीला आणि तिथल्या आणखी चार-पाच भारतीय मुलांना वाटेल, ही बसलीय म्हणजे हे आपलंही आहे. नाही बसले तर त्या खोलीत त्यांच्या ओळखीचं आपलं कुणीच नसेल. सासूबाईंचं मत बसू नये असं आहे, नवऱ्याचं बसावं असं आहे. मी अजून उत्तर कळवलेलं नाही, त्यांना डिसेंबरपर्यंत कळवायचं आहे. तुमच्यापैकी कुणी असं बसलं असेल, किंवा नाही म्हणून आलं असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा. मला ऐकायचं आहे.