आधी काच बघा

नमस्कार श्रोतेहो.

रोलवाला जुना कॅमेरा घ्यावा, असं हल्ली पुन्हा बऱ्याच जणांच्या मनात येतंय. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, नाहीतर मोबाईलवरच्या जाहिराती. कॅमेरे सगळीकडे दिसतात आणि विकणारा सगळीकडे एकच वाक्य बोलतो, 'एकदम चालू कंडिशन आहे, साहेब.' या वाक्याचा अर्थ एवढाच, की खटका दाबला की आवाज येतो. आवाज तर डब्याच्या झाकणाचाही येतो.

आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. पैसे नावाचे देऊ नका, काचेचे द्या. आधी काच, म्हणजे लेन्स बघा, मग डबा, म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी बघा, आणि वर कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचा.

समोर एक कॅमेरा धरू, पेंटॅक्स के १०००. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा जवळपास तसाच बनत राहिला. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, पूर्ण यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त आतल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलवायला, आणि तीही एकच, एलआर ४४, घड्याळवाल्याकडे मिळते ती बटणाएवढी. ती संपली तरी फोटो निघतोच. त्याच वर्षी आलेल्या कॅनन एई-१ चं शटर मात्र बॅटरीवर चालतं. सहा व्होल्टची बॅटरी नसेल तर कॅमेरा ठप्प. म्हणून पहिला कॅमेरा यांत्रिकच घ्यावा, असं माझं मत आहे.

आता या के १००० ची गंमत बघा. सुरुवातीचे जपानमध्ये बनले, त्यांच्या कपाळावर 'आसाही' असं कोरलेलं आहे. नंतरचे हाँगकाँगमध्ये, शेवटचे चीनमध्ये. शेवटच्या काळात धातूच्या जागी प्लास्टिक वाढलं, हे खरं आहे. पण कपाळावरच्या त्या एका शब्दासाठी लोक वरचे पैसे मोजतात आणि लेन्समध्ये बुरशी आहे का, हे बघतही नाहीत. तिन्ही ठिकाणच्या कॅमेऱ्याला लेन्स तीच बसते. चित्र तीच काढते.

नावाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

साल १९५०, गाव टोकियो. जपान युद्ध हरून पाच वर्षं झालेली, देश अजून दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात. परदेशी जाणाऱ्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे 'ताब्यातल्या जपानात बनवलेलं'. कॅमेऱ्यावरसुद्धा हे शब्द कोरलेले असत. जपानी माल म्हणजे स्वस्तातली नक्कल, असा तेव्हा लौकिक होता. आपल्याकडे 'चायना माल' म्हणताना तोंड जसं वाकडं होतं ना, अगदी तसं. चांगला कॅमेरा म्हणजे जर्मन. लायका, नाहीतर त्साइस. त्यात वाद घालायची सोयच नव्हती.

'लाइफ' नावाचं अमेरिकेतलं सचित्र साप्ताहिक होतं. त्याचा एक फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन तेव्हा जपानात होता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये अमेरिकन मरीन सैन्यासाठी फोटो काढलेला, तिशीतला गडी. हत्यार अर्थातच लायका. 'लाइफ'साठी काम करणारा एक तरुण जपानी फोटोग्राफर होता, जून मिकी. त्यानं डंकनचा एक फोटो काढला. उजेड बेताचा होता. लेन्स होती ८५ मिलिमीटरची, एफ २, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, निप्पॉन कोगाकू या टोकियोच्या कंपनीची. नाव निक्कोर. डंकननं ती हसण्यावारी नेली. म्हणजे जपानी सोनार, झालं! सोनार ही त्साइसची नावाजलेली लेन्स. आणि डंकनचं अगदीच चुकलं होतं असंही नाही, निक्कोरची रचना सोनारच्याच घराण्यातली होती.

मिकीनं नंतर त्या फोटोची मोठी प्रिंट आणून डंकनच्या हातात दिली.

आणि डंकनचं हसू थांबलं. बेताच्या उजेडात, हातात धरून काढलेला फोटो इतका रेखीव कसा? श्रोतेहो, मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे. लेन्सची बाजू मांडायला मिकीनं प्रिंट पुढे केली. कंपनीचं पत्रक दाखवलं नाही, किंमत सांगितली नाही. प्रिंट दाखवली. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि जाता जाता सांगतो, डंकनचं नाव जगाला माहीत आहे, मिकीचं फारसं कुणाला नाही. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही फोटोखाली फोटोग्राफरचं नाव छापायचं म्हटलं की यांची शाई संपते. असो.

डंकन मग होरेस ब्रिस्टल या दुसऱ्या अमेरिकन फोटोग्राफरला बरोबर घेऊन थेट कारखान्यावर गेला, टोकियोतल्या ओई भागात. कंपनीचे अध्यक्ष नागाओका यांनी दोघांना लेन्स तपासायच्या यंत्रापुढे उभं केलं. या यंत्राचं काम सिनेमाच्या प्रोजेक्टरसारखं. बारीक रेघांची पट्टी लेन्समधून पुढच्या पडद्यावर टाकायची. मधल्या रेघा सुट्या दिसतात का, कोपऱ्यातल्या एकमेकींत मिसळतात का, सगळं डोळ्यांदेखत कळतं. तिथे त्यांनी निक्कोरच्या बरोबरीनं आपल्या जर्मन लेन्सही लावून बघितल्या. नाव झाकलं की काय उरतं, ते भिंतीवर दिसलं. डंकननं निक्कोर घेतल्या.

पण कॅमेरा नाही बदलला! बॉडी लायकाचीच ठेवली. लायकाच्या ३९ मिलिमीटर आट्यांत बसतील अशाही निक्कोर कंपनी बनवत होती, म्हणून हे जमलं. ही गोष्ट पुन्हा सांगतो: बॉडी तीच, काच बदलली. कॅमेरा म्हणजे शेवटी उजेड अडवणारा आणि नेमक्या वेळेपुरता आत सोडणारा डबा. चित्र काच काढते.

२५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं. डंकन थोड्याच दिवसांत तिथे पोचला आणि त्या डोंगरांत, चिखलात, थंडीत त्यानं जे सैनिक टिपले, ते या काचांतून. अमेरिकेत चर्चा सुरू झाली, की हा कोणत्या लेन्स वापरतोय? १० डिसेंबर १९५० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कॅमेऱ्याच्या सदरात जेकब डेशिन यांनी निप्पॉन कोगाकूच्या कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर लिहिलं. ज्या मालाला कालपर्यंत नक्कल म्हणत होते, त्याला गिऱ्हाईक आलं. पुढे ९ वर्षांनी, १९५९ मध्ये, याच कंपनीनं निकॉन एफ काढला आणि बातमीदारीच्या धंद्यात जर्मनांची सद्दी संपत गेली.

मिकीच्या लेन्सवर नावापुढे दोन अक्षरं होती, पी आणि सी. पी म्हणजे ग्रीक 'पेंटा', आत पाच भिंगं. सी म्हणजे भिंगांवर कोटिंग, चकाकी कमी करणारा पातळ थर. जुन्या निक्कोरवर अशी अक्षरं आजही बाजारात दिसतील. एच असेल तर सहा भिंगं, एस असेल तर सात. मात्र १९७७ च्या आधीची अशी निक्कोर निकॉनच्या एफएम २ या कॅमेऱ्यावर जबरदस्तीनं बसवायला जाऊ नका. तिच्या मागची कड बॉडीच्या कडीला अडते आणि दोन्हींचं नुकसान होतं. घासून दुरुस्त केलेली लेन्स असेल तर चालते, विचारून घ्या.

बराच वेळ गोष्टीतच गेला, आता हात चालवू. दुकानात तुमच्याकडे ओईचं यंत्र नसणार. मोबाईलचा टॉर्च आहे ना? पुष्कळ झाला.

लेन्स कॅमेऱ्यातून काढा. ॲपर्चर, म्हणजे आतल्या पात्यांचं लहान-मोठं होणारं भोक, पूर्ण उघडा. पातळ करड्या धाग्यांचं जाळं दिसतंय का बघायचंय, झाडाच्या मुळांसारखं. मागून उजेड मारा आणि समोरून थोडं तिरकं बघा. सरळ बघितलं तर नुसते डोळे दिपतात. जाळं दिसलं तर ती बुरशी. मुंबई-कोकणातली लेन्स पावसाळे काढून आलेली असते, तेव्हा हे हमखास बघा. वरवरची बुरशी पुसून निघते, पण कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग कायमचा. दुधासारखा धूसरपणा दिसला तर उजेडासमोरचे फोटो फिके येणार. दोन-चार धुळीचे कण असतील तर त्याकडे दुर्लक्ष करा, चित्रात काही दिसत नाही. ओरखडा पुढच्या भिंगावर एखादा चालेल, मागच्या भिंगावर नको.

मग ॲपर्चरची रिंग २२ वर फिरवा. पेंटॅक्सच्या लेन्सला मागे एक बारीक दांडी असते. ती सरकवली की पाती उघडतात, सोडली की टिचकीसरशी मिटली पाहिजेत. सावकाश मिटत असतील तर पात्यांवर तेल उतरलंय. मग फोटो काढताना पाती वेळेत मिटणार नाहीत आणि उजेड जास्त जाईल.

कोणती लेन्स? ५० मिलिमीटर, एफ २, के १००० बरोबर सर्रास यायची ती. थोडे पैसे जास्त असतील तर एफ १.७. दुकानदार ८०-२०० ची झूम 'फुकट घ्या' म्हणेल. ती तशीच राहू द्या. आत भिंगं जास्त, बुरशीला जागा जास्त, आणि उजेड कमी.

पुन्हा सांगतो, आधी काच. काच पास झाली की डबा.

पाठ उघडा, शटर एका सेकंदावर ठेवा, मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघा. खटका दबून पडदा अर्ध्यातच रेंगाळला तर आतलं वंगण वाळलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कापून मागा. मग एक हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा. लेन्स काढून, मागच्या बाजूनं खिडकीकडे, आकाशाच्या उजेडाकडे बघत चार-पाच वेळा दाबा. चौकट पूर्ण उजळली पाहिजे; एक कड काळी राहिली तर दोन पडद्यांतलं अंतर बिघडलंय, आणि प्रत्येक कडक उन्हातल्या फोटोत तो काळा पट्टा येणार. आणि पडदा कापडी आहे, त्याला बोट लावू नका.

कॅमेऱ्याच्या मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम बघा. डांबरासारखा चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो पालटायला फारसा खर्च नाही. घासाघीस करायला मात्र उत्तम. बॅटरीचं झाकण नाण्यानं उघडा. आत हिरवट-पांढरी भुकटी असेल तर जुनी बॅटरी गळलीय. थोडं व्हिनेगर कापसाला लावून पुसलं तर बहुतेकदा साफ होतं, पण तारेपर्यंत गंज चढला असेल तर मीटर गेला समजा. मीटर बघायला भर दुपारच्या उन्हात जा. फिल्मचा वेग २०० आयएसओ, शटर २५०, ॲपर्चर १६. काटा जवळपास मधे यायला हवा. व्ह्यूफाइंडरमधला, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतला कचरा फोटोत येत नाही.

आणि आता मिकीची प्रिंट. विकणाऱ्याला विचारा, 'याच कॅमेऱ्यानं, याच लेन्सनं काढलेली निगेटिव्ह आहे का?' असेल तर उजेडाकडे धरून बघा. फ्रेममधल्या जागा सारख्या आहेत का, की एकावर एक चढल्यात? कडेला काळे चरे आहेत का? निगेटिव्हवर काळं दिसतं तिथे जास्तीचा उजेड शिरलाय. निगेटिव्ह नसेल तर एक रोल मारून बघायची मुभा मागा. रोल, धुलाई, स्कॅन मिळून हजाराच्या पुढे खर्च होतो, पण चुकीचा कॅमेरा त्याहून महाग पडतो. रोल भरल्यावर तो पुढे सरकवायची दांडी ओढताना डावीकडची गुंडाळायची चकती फिरते का बघा. फिरत नसेल तर रोल पुढे सरकत नाहीये आणि तुम्ही ३६ फोटो हवेत काढताय. आणि लॅबवाल्याकडून निगेटिव्ह परत घ्या! नुसते स्कॅन मोबाईलवर पाठवून निगेटिव्ह कचऱ्यात टाकणारे आहेत, आणि मागणारं कुणी नाही, म्हणून त्यांचं फावतं.

कातडी म्यान बरोबर मिळालं तर दुकानातच ठेवून या. ओल धरणारी जागा तीच, बुरशीचं माहेरही तेच. घरी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की सुकवून परत. तांदळात ठेवायचा सल्ला मनावर घेऊ नका, पिठी जाते आत.

आणि लेन्सवर टोपी लावायची सवय करा. के १००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही. काचेवर उजेड पडत राहिला, की कपाटात नुसता ठेवलेला कॅमेराही बॅटरी पीत राहतो.

नमस्कार.